कुजबुजबाईंचा दुसरा कान

आमच्या स्टुडिओत काकांचा एकच कायदा होता. फोटोत गिऱ्हाइकाचे दोन्ही कान दिसले पाहिजेत. कपाळ कसंही असो, कॉलर चुरगळलेली असो, पण कान दोन. "माणूस दोन कान घेऊन आला आणि आपण एक देऊन परत पाठवला, तर उरलेला कुठे ठेवलात म्हणून विचारेल," असं ते म्हणत आणि स्वतःच पोट धरून हसत. त्यासाठी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे दिवे असत, मोजून सारख्या अंतरावर. फरशीवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केलेल्या होत्या. दिव्याचा पाय खुणेबाहेर बोटभर सरकलेला त्यांना खपत नसे. त्या दोन दिव्यांमध्ये बसणारा वकील असो की न्हावी, फोटोत सारखाच दिसायचा. गोल, गुळगुळीत, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा.

एवढ्या उजेडातूनही ज्या सुरकुत्या निसटत, त्या माझ्याकडे येत. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील गेल्यावर स्टुडिओ काकांनी चालवायला घेतला आणि मी त्यांच्या हाताखाली रिटचिंग करायला बसले. उतरत्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक केलेली कडक पेन्सिल चालवायची. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. सुरकुती तिथे पारदर्शक रेघ होऊन दिसते. त्या रेघेत बारीक बारीक ठिपके भरत गेलं की कागदावर छापताना तिथला उजेड अडतो आणि सुरकुती नाहीशी होते. माझा हात चांगला होता. वेगवेगळ्या माणसांची मिळून मी दिवसाला चाळीसेक वर्षं सहज पुसत असे.

कॅमेऱ्याला हात लावू नकोस असं काकांनी मला कधी म्हटलं नाही. मी कॅमेऱ्याजवळ गेले की ते फक्त मधे येऊन उभे राहत.

आमच्या रस्त्याच्या टोकाला नाट्यगृह होतं. त्याच्या प्रवेशदालनात नटनट्यांचे फोटो ओळीने लावलेले होते, सगळे आमच्याच स्टुडिओतले, सगळ्यांना दोन-दोन कान. त्या नाट्यगृहात एक बाई एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, हातभर रुंदीच्या फळीशी एक छोटा दिवा लावून त्या बसत आणि नटाला वाक्य आठवेना की हळूच पुरवत. त्यांना सगळे कुजबुजबाई म्हणत. तोंडावर बाई, पाठीमागे कुजबुज. आता त्यांचं वय झालं होतं आणि येत्या रविवारी दुपारचा प्रयोग त्यांचा शेवटचा होता. मॅनेजरने विचारलं, निरोपाला काय देऊ? समारंभ, भाषणं, काय हवं ते. बाई म्हणाल्या, "भाषणं मी रोज ऐकते, तीही दोनदा. एकदा कागदावर, एकदा चुकलेली. मला भिंतीवर माझा फोटो पाहिजे. नटांच्या ओळीत."

मॅनेजर कबूल झाला. नाही म्हणायला त्याला पटकन काही सुचलं नसावं, आणि तेव्हा त्याला वाक्य पुरवायला कोणी नव्हतं.

सोमवारी बाई फोटो काढायला आल्या, आणि नेमकी त्याच सकाळी काकांची कंबर धरली. बाहेरच्या खोलीत बाकावर ते उताणे पडले होते. गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं.

"अगं, तूच काढ," ते म्हणाले. "सगळं लावलेलंच आहे. खुणा सोडू नकोस. मी इथून सांगतो."

मी पडदा सारून आत गेले. बाई खुर्चीत बसल्या होत्या, काळपट साध्या कपड्यांत, मांडीवर पिशवी. मी दोन्ही दिवे लावले आणि त्यांचा चेहरा बघता बघता विझला. डोळे बारीक झाले, ओठ घट्ट मिटले, कपाळावर घाम. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मला दिसत होती ती कुणीतरी दटावलेली म्हातारी.

"हनुवटी वर!" बाहेरून काका ओरडले.

"हनुवटी वर आहे," मी म्हटलं.

"मग हसायला सांग!"

बाई म्हणाल्या, "कोण आहे तो? त्याला सांग, एवढ्या मोठ्यांदा पुरवलं तर प्रेक्षकांना ऐकू जातं." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, मला काहीच दिसत नाही. ह्या दोघांच्या मधे कधी बसलेच नाही मी. माझा एक दिवा असतो, इथे." आणि त्यांनी डाव्या खांद्याच्या वर, जरा पुढे, हात धरून दाखवला.

मी उजवा दिवा बंद केला.

काय झालं ते नीट सांगते, कारण पुढे आयुष्यभर मी तेच करत राहिले. चेहऱ्याची एक बाजू लगेच मागे गेली आणि नाक पुढे आलं. गालाचं हाड आलं. तरी दिव्यासमोरची भिंत चुन्याची होती आणि तिच्यावरून उजेड परत फिरून सावलीत शिरत होता, सावली राखाडी आणि मळकट होत होती. म्हणून त्या बाजूला दुसरी खुर्ची ठेवून तिच्या पाठीवर मी कॅमेऱ्याचं काळं कापड टाकलं. सावली गडद झाली. मग डावा दिवा खुणेवरून उचलला, बाईंच्या हाताने दाखवलेल्या जागी आणला, त्यांच्या डोक्यापेक्षा थोडा उंच, आणि हळूहळू पुढे सरकवत गेले. अंधाऱ्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा तिकोनी तुकडा पडला. तिथे मी थांबले. त्या अंधारात आता एक डोळा जागा होता.

त्या प्रकाशात बाईंनी पिशवीतून जुनी वही काढली आणि सवयीने मांडीवर उघडली. खांदे सैल झाले. त्या जराशा पुढे झुकल्या, ओठ किंचित सुटले, आणि कोणीतरी आता अडखळणार हे आधीच कळल्यासारखी त्यांची नजर वर आली. कपाळावरच्या रेघा, तोंडाच्या कडेला पडलेल्या चुण्या, सगळं एका बाजूने उजळलं होतं. नांगरलेल्या जमिनीवर ऊन तिरपं पडलं की प्रत्येक ओळ वेगळी दिसते, तसं.

"एकच दिवा आहे, कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागेल," मी म्हटलं. "तीन सेकंद हलू नका."

"एकतीस वर्षं हलले नाही मी."

मी दोन निगेटिव्ह काढल्या. बाहेरून काकांनी विचारलं, "खुणेवर आहेत ना दिवे?" मी म्हटलं, "झालं, काका." हे काही उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं असणार, पण कंबर त्यांना उठू देत नव्हती.

बुधवारी ते काठी टेकत आत आले. दोरीवर प्रत वाळत होती. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मान तिरकी करून फोटोच्या कडेच्या मागे डोकावल्यासारखं केलं.

"दुसरा कान कुठाय?"

"अंधारात आहे."

"अंधारात काय करतोय तो?"

"जे बाई करत होत्या तेच."

"मला शहाणपण शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून मी लोकांचे कान काढतोय."

तेवढ्यात मॅनेजरच आला, फ्रेम केव्हा मिळेल ते विचारायला. गोरापान, हातात कायम रुमाल, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहायची सवय. त्याने प्रत पाहिली आणि रुमाल तोंडाशी नेला.

"हे काय? अर्धी बाई कुठे आहे? बाकीचे सगळे हसतमुख, उजेडात, आणि मधेच ही चोर पकडायला बसल्यासारखी! लोक तिकीट काढून करमणुकीला येतात हो. एक तर बाकीच्यांसारखा फोटो द्या, नाहीतर भिंतीवर काहीच लागणार नाही. दोन दिवे लावून पुन्हा काढा."

"पुन्हा काढून, छापून, फ्रेम करेपर्यंत रविवार उलटेल," काका म्हणाले. "काळजी करू नका. पेन्सिल आहे आपल्याकडे." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सुरकुत्या भर. आणि तो कान काढ."

"कुठून काढू? तिथे निगेटिव्ह कोरी आहे."

"मग कोऱ्या जागेवर काढ. कान म्हणजे काय, दोन वळणं आणि एक पाळी!"

"मी नाही करणार."

मॅनेजर भिंतीकडे पाहू लागला. काकांना आजवर मी नाही म्हटलेलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "काय झालंय तुला?"

मला काय झालं होतं ते मी मॅनेजरसमोर सांगितलं नाही, पण इथे सांगते. माझ्या आईच्या दोन भुवयांमध्ये एक उभी आठी होती. रागावली तरी तीच, हसली तरी तीच, सुईत दोरा ओवतानाही तीच. मी सोळा वर्षांची असताना वडिलांनी तिचा फोटो काढला आणि माझं पहिलं खरं काम म्हणून ती निगेटिव्ह मला दिली. मी आठी भरून टाकली. इतकी सफाईने, की वडिलांनी पाठ थोपटली आणि काकांनी तो फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आईने पाहून विचारलं, "ही कोण बया?" आम्ही सगळे हसलो. दोन वर्षांनी ती गेली. तिचा तेवढा एकच फोटो. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल पुसता येते, पण तेव्हा जुन्या काचेच्या निगेटिव्ह धुऊन काचा फ्रेमवाल्याला द्यायची पद्धत होती. आईची काच कुणाच्या तरी फोटोवर लागून कुणाच्या तरी घरी गेली होती. माझ्याकडे उरली ती एक गुळगुळीत, अनोळखी बाई, जिला मी माझ्या हाताने बनवलं होतं.

"ह्या चेहऱ्याला मी पेन्सिल लावणार नाही," एवढंच मी म्हटलं. "पाहिजे तर उद्यापासून मला बसवू नका."

काकांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. ओढून नाही, नीट मागून घेतली. "मीच शिकवलंय तुला," ते म्हणाले. "मला अजून येतं."

दुपारभर ते डेस्कवर वाकून बसले होते, कंबर धरलेली असताना. त्यांनी एक निगेटिव्ह घेतली. दुसरी मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आणि किल्ली केसांच्या पिनेला अडकवली.

शुक्रवारी बाई आल्या. काकांनी स्वतः त्यांच्या हातात फोटो दिला. सुरकुत्या गेल्या होत्या, ते काम त्यांनी खरंच सुरेख केलं होतं. आणि अंधारात, गालाच्या मागे, एक पांढुरका कान लोंबत होता. त्याचा डोक्याशी काहीच संबंध दिसत नव्हता. खुंटीला टांगल्यासारखा.

बाईंनी चष्मा लावला. "हा कान कोणाचा?"

"तुमचाच की," काका म्हणाले.

बाईंनी उजव्या बाजूचे केस मागे सारले. त्यांच्या कानाची पाळी खालून पार दुभंगलेली होती, दोन टोकं वेगळी झालेली. "सात वर्षांची असताना धाकट्या भावाने डूल धरून ओढला. हा कान मी साठ वर्षं घेऊन फिरतेय. तुमचा हा साबूत कान कुठल्या बाईचा काढलात?"

काका लाल झाले. त्यांना एकच कान काढता येत असे, हे मला माहीत होतं.

मी खणातली दुसरी निगेटिव्ह सकाळीच छापून ठेवली होती, मोठी, हातभर उंचीची. ती आणून मी बाईंसमोर धरली. काकांकडे मी पाहिलं नाही.

फोटो घेऊन बाई खिडकीशी गेल्या, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग म्हणाल्या, "ही मी आहे. एकतीस वर्षं मी अशी बसले आणि कोणी पाहिलं नाही. मलाही आत्ताच दिसतेय."

"बाई, मॅनेजर लावणार नाही हा," काका म्हणाले. अपमान झाला असला तरी आवाजात खोटेपणा नव्हता. "तो म्हणाला, एक तर बाकीच्यांसारखा, नाहीतर काहीच नाही."

"मॅनेजरने काय म्हणायचं, तेही मीच पुरवीन. तुम्ही फ्रेम करा."

"करतो. पण मागे स्टुडिओचा शिक्का मारणार नाही."

"नका मारू," मी म्हटलं आणि फोटोच्या मागे माझं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. काकांनी ते वाचलं, आणि फ्रेमचे खिळे ठोकायला घेतले.

रविवारी दुपारी फ्रेम काखेत, पिशवीत हातोडी आणि मोठा खिळा घेऊन मी नाट्यगृहात गेले. दोन अंक संपले होते, मध्यंतर चालू होतं. मॅनेजर दालनातच उभा होता. बाई वही छातीशी धरून पडद्याआडून बाहेर आलेल्या.

"लावायचा नाही म्हणजे नाही," तो म्हणत होता. "निरोपाच्या दिवशी वाद कशाला घालता, बाई?"

"वाद नाही घालत. सांगतेय. तिसऱ्या अंकात मी खिळ्याचा आवाज ऐकेपर्यंत तोंड उघडणार नाही."

तो हसला. "तुम्ही? तुमच्याच्याने व्हायचं नाही ते. एकतीस वर्षांत एक वाक्य सोडलं नाहीत."

"म्हणूनच एक सोडायचा हक्क आहे मला."

घंटा झाली. लोक आत गेले. दालनात मी, मॅनेजर आणि भिंतीवरचे सगळे गुळगुळीत चेहरे. आतून संवाद ऐकू येत होते. आमच्या गावचे नायक पन्नाशी ओलांडलेले होते, तरुण मुलाचं काम करत आणि तिसरा अंक त्यांना गेल्या अकरा वर्षांत एकदाही पाठ नव्हता. ही गोष्ट सगळ्या कंपनीला ठाऊक होती. मॅनेजरलाही होती. त्याने रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

मग आत शांतता पडली.

पहिल्यांदा ती नाटकातली वाटली. मी रंगमंचाकडच्या दाराच्या फटीतून पाहिलं, तिथून पडद्याआडचंही दिसत होतं. नायक खिडकीशी गेले, बाहेर पाहिलं, परत आले. भांड्यातलं पाणी प्यायले. पुन्हा खिडकीशी गेले. समोरची नटी हातातला रुमाल भरत बसली होती, तिने तोच टाका तिसऱ्यांदा घातला. नायकांचे डोळे मात्र पडद्याच्या कडेला लागलेले, आणि तिथे तो एक छोटा दिवा जळत होता. त्याच्या उजेडात बाई बसल्या होत्या. वही उघडी, बोट ओळीवर, ओठ मिटलेले. दुसऱ्या हाताने त्यांनी फळीची कड घट्ट धरली होती. ते मला दिसलं, आणि त्यांना हे किती जड जात होतं ते कळलं. तरी ओठ उघडले नाहीत.

प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं. मागच्या रांगेतून एक हसू फुटलं.

"लावा," मॅनेजर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कुठे?" मी विचारलं.

"कुठेही लावा हो! कोपऱ्यात लावा!"

"बाई ओळीत म्हणाल्या होत्या. तुम्ही बोट ठेवा. मी तिथे ठोकते."

आत नायक तिसऱ्यांदा पाणी प्यायले. मॅनेजरने डोळे मिटून नायकांच्या फोटोशेजारी भिंतीवर बोट टेकवलं. मी खिळा लावला आणि ठोकला. चुना उडून त्याच्या कोटावर पडला. तीन घाव घातले, गरज एकाचीच असताना.

चौथा घातला नाही, कारण आतून नायकांचा आवाज आला, दणदणीत, सुटका झालेल्या माणसाचा. "गाडी किती वाजता आहे?"

एवढंच वाक्य होतं ते. मी खिळ्याला फ्रेम टांगली, थोडा चुना तिच्या काचेवर पडला.

प्रयोग संपल्यावर लोक बाहेर आले. एका गृहस्थाने बायकोला सांगितलं, ती मधली शांतता काय जबरदस्त होती, असा अभिनय आता राहिला नाही. मग ते दोघं फ्रेमपुढे थांबले. आणखी चार माणसं थांबली. नायक तोंडाला रंग तसाच ठेवून धावत आले, दम लागलेला, आता बाईंवर ओरडणार असं मला वाटलं. त्यांची नजर भिंतीवर गेली. ते फोटोकडे बघत राहिले, मग शेजारच्या स्वतःच्या फोटोकडे.

"माझा इथून हलवा," ते मॅनेजरला म्हणाले. "हिच्या शेजारी मी साबणाच्या जाहिरातीतला दिसतो."

बाई शेवटी आल्या, पिशवी घेऊन, घरी जायला निघालेल्या. फोटोकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि मान हलवली, वाक्य बरोबर आलं की हलवत असतील तशी.

मॅनेजरला आता कंठ फुटला होता. "आज राहू दे, बाई. लोकांसमोर तमाशा नको. पण उद्या सकाळी मी हा उतरवणार."

"उतरवा की," बाई म्हणाल्या. "उद्यापासून त्या फळीशी कोण बसणार आहे, माहीत आहे ना?"

"तुम्हीच तर शिकवून तयार केलीत ती मुलगी."

"माझी भाची आहे. धाकट्या भावाची नाही, बहिणीची. आवाज माझ्यापेक्षा हळू आहे तिचा, आणि डोकं माझ्यापेक्षा गरम."

नायकांनी मॅनेजरच्या दंडाला धरून कानात काहीतरी सांगितलं, बराच वेळ. मग मॅनेजरने तोच घडीचा रुमाल उलगडला, फ्रेमजवळ गेला आणि काचेवर पडलेला चुना पुसू लागला.

"कोपरे पण पुसा, साहेब," बाई म्हणाल्या, नेहमीच्या हळू आवाजात.